मायदेशाबाहेरचा खेळाडू : इसिद्रो लांगारा



संध्याकाळची जपमाळ सुरू होण्याआधी आपल्या चर्चच्या आवारात मुले चेंडू खेळतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चेंडू कधी दारावर आदळतो, कधी एखादी कुंडी फुटते. याबद्दल काही वडीलधाऱ्यांनी आमच्याकडे तक्रार केली आणि ती रास्तच होती. आम्ही मुलांना समज दिली. तेव्हा त्यांच्यापैकी एकाने, चर्चचा आणि फुटबॉलचा काही संबंध असतो का, असे आम्हालाच विचारले. त्याच आठवड्यात एक आई आमच्याकडे आली. मुलगा पुण्याला कामाला आहे, दोन नाताळ घरी आलेला नाही. गावातले लोक बोलतात की तो आता आपला राहिला नाही. हे खरे आहे का, असे तिने विचारले आणि पदराने डोळे पुसले.

या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असेच कोणालाही वाटेल. आम्हालाही तसे वाटले होते. पण रात्री विचार करताना आम्हाला एका माणसाचे आयुष्य आठवले आणि त्यात दोन्ही प्रश्न एकत्र आले. त्याचे नाव इसिद्रो लांगारा. तो संत नव्हता, मिशनरी नव्हता. तो फुटबॉल खेळत असे, आणि ऐन उमेदीची वर्षे त्याला आपल्या देशाबाहेर काढावी लागली. या रविवारी त्याची गोष्ट सांगावी असे आम्ही ठरवले.

लांगारा ज्या भूमीतला, ती भूमी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. स्पेनच्या उत्तरेला आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये बास्क लोक राहतात. आपल्यातील अनेक जण २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललेल्या शवप्रदर्शनाच्या वेळी जुन्या गोव्याला जाऊन आले. ज्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी आपण तासन्‌तास रांगेत उभे राहिलो, ते याच लोकांपैकी. १५०६ साली नाव्हारा राज्यातल्या झेवियरच्या गढीत त्यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच, १५१२ मध्ये, कास्तिलच्या सैन्याने नाव्हारा जिंकून घेतले आणि पुढे त्यांच्या घराण्याच्या गढीचा बराच भागही पाडण्यात आला. १५४१ मध्ये त्यांनी लिस्बन सोडले ते कायमचे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हेही बास्कच, आणि लांगारा जन्मला त्याच गिपुस्कोआ प्रांतातले. घर सोडून जाणे हे या लोकांच्या इतिहासात जणू लिहिलेलेच आहे.

बास्क लोकांची भाषा आहे एउस्कारा. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते जुळत नाही. शेजारच्या स्पॅनिश आणि फ्रेंच या भाषांशीही नाही. हा समाज दोन देशांत वाटला गेला आहे. होटगीत राहणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्या स्टेशनवर उतरले की मराठी कानावर पडते, कन्नड पडते, तेलुगू आणि उर्दूही पडते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, असे आपल्यातील कितीतरी जणांचे आयुष्य आहे. सरकारी सीमा कागदावर आखली जाते, पण आईची भाषा त्या रेषेपाशी थांबत नाही, हे आपण रोज पाहतो.

इसिद्रो लांगाराचा जन्म २५ मे १९१२ रोजी पासाइया या बंदराच्या गावी झाला. सान सेबास्तियान शहराच्या शेजारचे हे कोळ्यांचे आणि बोटींचे गाव. बास्क प्रदेशात फुटबॉल इंग्लंडहून आला. इंग्लिश कामगार, खलाशी आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेली मुले यांच्याबरोबर तो बिल्बाओच्या बंदरात उतरला आणि पाहता पाहता गावोगाव पसरला. लांगारा तोलोसाच्या संघात खेळू लागला आणि १९३० साली, अठराव्या वर्षी, त्याला ओव्हिएदो शहराच्या संघाने घेतले. ओव्हिएदो हे आस्तुरियास या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशातले शहर. हा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. १९३३ मध्ये तो पहिल्या श्रेणीत आला, त्यात लांगाराच्या गोलांचा मोठा वाटा होता.

पुढच्या तीन हंगामांत जे घडले ते स्पेनच्या फुटबॉलमध्ये आजही सांगितले जाते. १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षे लांगारा देशातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्या काळी एका हंगामात संघाला जेमतेम १८ ते २२ सामने मिळत. एवढ्या सामन्यांत तो दर वर्षी पंचविसापेक्षा जास्त गोल करीत असे. धिप्पाड अंग, लांबून मारलेला जबरदस्त फटका आणि डोक्याने चेंडू घालण्याची हातोटी, ही त्याची ओळख होती. स्पेनच्या राष्ट्रीय संघाकडून तो १२ सामने खेळला आणि त्याने १७ गोल केले. १९३४ साली पोर्तुगालविरुद्ध स्पेनने ९ गोल केले, त्यातले ५ त्याचे होते. त्याच वर्षी इटलीत झालेल्या विश्वचषकात ब्राझीलला ३-१ असे हरवताना दोन गोल त्याने केले. पुढचा सामना यजमान इटलीशी झाला. तो १-१ असा बरोबरीत सुटला. सामना इतका धसमुसळा होता की दुसऱ्या दिवशीच्या फेरसामन्यात स्पेनचे अनेक खेळाडू उतरू शकले नाहीत. लांगाराही त्यांच्यात होता. स्पेन एका गोलने हरले.

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पुढे अजून दोन-तीन विश्वचषक खेळेल, असे सगळ्यांनाच वाटले असणार. पण १९३६ नंतर तो आपल्या देशाकडून एकदाही खेळला नाही.

१९३६ च्या जुलै महिन्यात स्पेनमध्ये सैन्याने सरकारविरुद्ध बंड केले आणि यादवी युद्ध पेटले. भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. ओव्हिएदो शहर बंडखोर सैन्याच्या ताब्यात गेले आणि सरकारच्या बाजूच्या खाणकामगारांनी त्याला वेढा घातला. ज्या मैदानावर लांगाराने गोल केले होते त्या शहरावर तोफा डागल्या जाऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये सान सेबास्तियान आणि त्याच्या आसपासची गावे जनरल फ्रँकोच्या बाजूने घेतली. लांगाराचे जन्मगाव असे सुरुवातीलाच परक्या अमलाखाली गेले. बिल्बाओ आणि त्याभोवतीचा मुलूख तेवढा बास्क लोकांच्या हाती उरला.

बंधुभगिनींनो, येथे आम्हाला एका दुखऱ्या गोष्टीविषयी बोलले पाहिजे. धर्मगुरू म्हणून ती टाळून पुढे जाणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या युद्धात ख्रिस्तसभाही दुभंगली. सरकारच्या बाजूच्या प्रदेशात हजारो धर्मगुरू, धर्मभगिनी आणि मठवासी मारले गेले, चर्चे जाळली गेली. त्यातील अनेकांना ख्रिस्तसभेने पुढे हुतात्मे म्हणून गौरविले आहे. म्हणून स्पेनमधील बहुतेक महागुरुस्वामींनी जुलै १९३७ मध्ये एक सामूहिक पत्र काढून फ्रँकोच्या बाजूला पाठिंबा दिला. पण बास्क लोक निष्ठावंत कॅथलिक असूनही सरकारच्या बाजूला होते, कारण त्या सरकारने त्यांना स्वायत्तता दिली होती. त्यांच्या प्रदेशात चर्चे उघडी होती, मिस्सा होत होत्या. तरीही फ्रँकोच्या सैनिकांनी डझनभराहून अधिक बास्क धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. बास्क प्रदेशाचे महागुरुस्वामी मातेओ मुखिका यांना देश सोडावा लागला. त्या सामूहिक पत्रावर त्यांनी सही केली नाही. दोन्ही बाजूंना जपमाळ हातात असलेले लोक मेले, हे आपण विसरू नये. कोणत्याही युद्धात देव आपल्याच बाजूला आहे, असे म्हणण्याची घाई करणाऱ्याने हा इतिहास एकदा तरी वाचावा.

बास्क स्वायत्त सरकारचे अध्यक्ष होते होसे आन्तोनियो आगिर्रे. वय अवघे ३२. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्यांनी गेर्निका गावातल्या पूज्य ओक वृक्षाखाली शपथ घेतली. बास्क लोकांचे पुढारी शतकानुशतके त्याच वृक्षाखाली शपथ घेत आले होते. आगिर्रे श्रद्धाळू कॅथलिक होते, आणि तरुणपणी बिल्बाओच्या अॅथलेटिक संघातून फुटबॉल खेळलेले होते. आपली बाजू जगाला कशी कळावी हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांच्याजवळ पैसा थोडा, शस्त्रे त्याहून थोडी. पण स्पेनच्या राष्ट्रीय संघातले निम्मे-अधिक नावाजलेले खेळाडू बास्क होते. म्हणून त्यांनी एक संघ तयार करून परदेशी पाठवायचे ठरवले. सामन्यांतून जे पैसे मिळतील ते निर्वासित आणि अनाथ मुलांसाठी वापरायचे, आणि बास्क नावाचे लोक जगात आहेत हे लोकांना दाखवायचे. लुईस रेगेइरो कर्णधार झाला. सिलाउरेन, इरारागोरी, गोरोस्तिसा, एमिलिन, गोलरक्षक ब्लास्को, अठरा वर्षांचा आंखेल सुबिएता आणि पुढच्या फळीत मधोमध लांगारा, असा तो संघ होता.

२६ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसमध्ये या संघाचा पहिला सामना झाला. समोर रेसिंग क्लब हा तिथला नामांकित संघ होता. बास्क संघ ३-० असा जिंकला आणि तिन्ही गोल लांगाराने केले. मैदानात टाळ्या वाजत होत्या.

त्याच दिवशी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. काही तास हा वर्षाव चालू होता. गावाचा बहुतेक भाग जळून गेला. जुना ओक मात्र वाचला. ज्या दिवशी लांगाराचे नाव परक्या शहरात गाजले त्याच दिवशी त्याच्या लोकांचे पवित्र गाव राख झाले. आम्ही ही तारीख जेव्हा प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. माणसाच्या आयुष्यात आनंद आणि शोक आपापली वेळ ठरवून येत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही दुःखाच्या प्रश्नावर पुष्कळ चर्चा केली होती. पण एकाच तारखेत मावलेला हा विरोध कोणत्याही व्याख्येत बसवता येत नाही.

मे महिन्यात बिल्बाओच्या बंदरातून जवळपास चार हजार मुलांना हबाना नावाच्या एका बोटीत घालून इंग्लंडला पाठवण्यात आले. आयांनी मुलांना बोटीवर चढवले आणि त्या धक्क्यावर उभ्या राहिल्या. इकडे बास्क संघ फ्रान्स, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड असा खेळत खेळत सोव्हिएत रशियात पोहोचला. तेवढ्यात १९ जूनला बिल्बाओ पडले. ज्या सरकारने त्यांना पाठवले होते त्याच्या हाती आता आपली भूमीच उरली नव्हती. तरी काही दिवसांतच ते मॉस्कोत मैदानावर उतरले. रशियात ते नऊ सामने खेळले, सात जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकच हरले. त्यांची खेळण्याची पद्धत पाहून रशियन प्रशिक्षकांनी आपल्या संघांची मांडणी बदलली, असे फुटबॉलचे इतिहासकार सांगतात. परत जायला घर नसलेली माणसे दुसऱ्यांना खेळ शिकवत होती.

युरोपचा दौरा संपला तेव्हा प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहिला. आता कुठे जायचे? घरी आईवडील होते, भावंडे होती. परत गेले तर तुरुंग की माफी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. फ्रँकोच्या बाजूने परत येण्याचे निरोप येत होते. संघातला डावीकडून धावणारा नावाजलेला खेळाडू गोरोस्तिसा परत गेला. बाकी बहुतेक जण बोटीत बसून मेक्सिकोकडे निघाले. लांगारा त्यांच्यात होता.

गोरोस्तिसाला पुष्कळांनी फितूर म्हटले. तो पुढे व्हॅलेन्सिया संघाकडून खेळला, त्याने विजेतेपदेही मिळवली. पण शेवटी १९६६ मध्ये, गरिबीत, एका आरोग्यधामात तो वारला. जो परत गेला त्याला सुख मिळाले आणि जे गेले नाहीत त्यांना दुःख, किंवा याच्या उलट, असे गणित येथे मांडता येत नाही. एका संघातली, एका भाषेची, एकाच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेली माणसे होती ती. एकाने एक वाट धरली, दुसऱ्याने दुसरी. त्यांच्या मनातले भय आणि माया तोलण्याचा तराजू आपल्या हाती नाही.

अमेरिका खंडात पोहोचल्यावर नवे संकट उभे राहिले. फ्रँकोच्या बाजूच्या फुटबॉल संघटनेने फिफा या जागतिक संस्थेकडे तक्रार केली आणि फिफाने या संघाशी खेळण्यास मनाई केली. अर्जेंटिनात ते पोहोचले, पण खेळण्याची परवानगी मिळाली नाही. खेळाडू असूनही त्यांना मैदानाबाहेर बसून दिवस मोजावे लागले. शेवटी मेक्सिकोने त्यांना आसरा दिला. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी स्पेनमधून आलेल्या सुमारे वीस हजार निर्वासितांना आपल्या देशात घेतले होते. १९३८-३९ च्या हंगामात हा संघ एउस्कादी या नावाने मेक्सिकोच्या स्पर्धेत खेळला आणि दुसरा आला. विचार करा, जो देश नकाशावर नव्हता त्याचा संघ परक्या देशाच्या स्पर्धेत दुसरा आला! पण १९३९ मध्ये स्पेनमधले युद्ध संपले, फ्रँको जिंकला आणि या संघाला पाठीशी घालणारे कोणी उरले नाही. संघ मोडला. जो तो आपापल्या पोटाची वाट शोधू लागला.

लांगारा अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेस शहरात गेला आणि सान लोरेन्सो या संघात दाखल झाला. आता मुलांच्या त्या प्रश्नाकडे येऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शहराच्या आल्माग्रो भागात काही गरीब मुले रस्त्यावर चेंडू खेळत असत. रस्त्यावरून ट्राम जात असे आणि एकदा एक मुलगा तिच्याखाली सापडता सापडता वाचला. हे पाहिले फादर लोरेन्सो मास्सा या सलेशियन संघाच्या धर्मगुरूंनी. त्यांनी मुलांना हाकलले नाही. आपल्या चर्चच्या मागचे आवार त्यांनी मुलांना खेळायला दिले आणि अट एकच घातली: रविवारी मिस्साला यायचे. १९०८ साली त्या मुलांनी आपला क्लब स्थापन केला. त्याला त्यांना फादरांचे नाव द्यायचे होते. फादर ऐकेनात. शेवटी संत लॉरेन्स यांच्या नावाने सान लोरेन्सो असे नाव ठरले, आणि त्यात फादरांचे नावही आपोआप आले. आज हा अर्जेंटिनातल्या पाच सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक आहे. चर्चचा आणि फुटबॉलचा काही संबंध असतो का, असे विचारणाऱ्या आमच्या छोट्या मित्राला हे आमचे उत्तर. मिस्साची अट आमचीही आहे, हे त्याने लक्षात ठेवावे. कुंड्यांचीही.

२१ मे १९३९ रोजी लांगारा सान लोरेन्सोकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. बोटीतून उतरून त्याला फार वेळ झालेला नव्हता. सोबत्यांची नावेसुद्धा नीट माहीत नव्हती. समोर रिव्हर प्लेट हा बलाढ्य संघ होता. सान लोरेन्सो ४-२ असा जिंकला आणि चारही गोल लांगाराने केले. दुसऱ्या दिवशी सारे शहर त्याच्याविषयी बोलत होते. पुढच्या वर्षी, १९४० मध्ये, अर्जेंटिनातल्या स्पर्धेत सर्वाधिक ३३ गोल करणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. १९४३ पर्यंत तो त्या क्लबमध्ये राहिला आणि सुमारे १२० सामन्यांत त्याने ११० गोल केले. इरारागोरी, एमिलिन आणि सुबिएता हे त्याचे जुने सोबतीही त्याच क्लबमध्ये आले. एका चर्चच्या आवारात जन्मलेल्या संघाने घर हरवलेल्या चौघांना आसरा दिला.

यातला सुबिएता तेथे सर्वांत जास्त काळ राहिला. १९४६ साली सान लोरेन्सोने अर्जेंटिनाचे विजेतेपद मिळवले त्या संघात तो होता. त्या वर्षी एक नऊ वर्षांचा मुलगा वडिलांचा हात धरून ते सामने पाहायला येत असे. त्या संघातल्या खेळाडूंची नावे त्याला म्हातारपणीही तोंडपाठ होती. त्या मुलाचे नाव होर्खे बेर्गोलियो. २०१३ ते २०२५ या काळात आपण त्यांना पोप फ्रान्सिस म्हणून ओळखले. पोप महोदय निर्वासितांसाठी इतक्या कळवळ्याने का बोलत, याची कारणे अनेक आहेत. ते स्वतः इटलीतून आलेल्या कुटुंबातले होते. पण लहानपणी ज्यांच्यासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यात एक निर्वासित होता, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

१९४३ मध्ये लांगारा पुन्हा मेक्सिकोला गेला आणि एस्पान्या या क्लबकडून खेळू लागला. स्पेनमधून पूर्वी आलेल्या लोकांनी काढलेला हा क्लब होता. त्याच्या नावाचा अर्थच स्पेन. ज्या देशात त्याला जागा उरली नव्हती त्याच देशाच्या नावाचा सदरा त्याच्या अंगावर आला. १९४४-४५ मध्ये त्याच्या संघाने मेक्सिकोचे विजेतेपद मिळवले. तेथेही दोन हंगामांत सर्वाधिक गोल त्याचेच होते, आणि त्यातल्या एका हंगामात त्याने ४० गोल केले. स्पेन, अर्जेंटिना आणि मेक्सिको अशा तीन देशांत सर्वाधिक गोल करणारा ठरण्याचा मान फुटबॉलच्या इतिहासात फार थोड्यांना मिळाला आहे.

आणि मग, १९४६ मध्ये, लांगारा परत गेला. सत्तेवर फ्रँकोच होता. बास्क भाषेला शाळेत आणि चारचौघांत जागा नव्हती. आगिर्रे परदेशात होते आणि पुढे १९६० मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. तरीही लांगारा गेला, आणि थेट आपल्या जुन्या ओव्हिएदो संघाकडे गेला. दहा वर्षांपूर्वी ते शहर सोडताना तो चोवीस वर्षांचा होता, आता चौतिशीत होता. पाय पूर्वीइतके वेगवान नव्हते, पण गोल कसा करायचा हे ते विसरले नव्हते. लोकांनी त्याचे स्वागत केले. दोन हंगाम खेळून १९४८ मध्ये त्याने खेळ थांबवला. मधली दहा वर्षे त्याला कोणी परत दिली नाहीत. ज्या वयात खेळाडू आपल्या देशासाठी सर्वोत्तम खेळतो, ते वय त्याने परक्यांच्या टाळ्यांत घालवले.

त्याच्या परत जाण्याने काही जणांना आनंद झाला असेल, काहींचे मन दुखावले असेल. आम्ही त्यावर निवाडा देत नाही. एवढेच म्हणतो की तो परत आला तो एखाद्या राजवटीकडे आला असे समजण्याचे कारण नाही. माणूस सरकारकडे परत येत नाही. तो गल्लीकडे, मैदानाकडे आणि आपल्या भाषेच्या आवाजाकडे परत येतो.

पुढे तो प्रशिक्षक म्हणून पुन्हा अमेरिका खंडात गेला. १९५१ साली चिलीतल्या उनियोन एस्पान्योला या संघाला त्याने विजेतेपद मिळवून दिले. त्या संघाचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद पूर्वी, १९४३ मध्ये, आले होते. लांगाराने दुसरे आणले. आयुष्याच्या अखेरीस तो आपल्या गिपुस्कोआत राहिला. १९७५ मध्ये फ्रँको वारला. १९७९ मध्ये बास्क प्रदेशाला पुन्हा स्वायत्तता मिळाली आणि त्या कायद्याला नाव मिळाले गेर्निकाचे. त्याच वर्षी बास्क संघ पुन्हा एकदा बिल्बाओच्या मैदानावर उतरला. म्हाताऱ्या लांगाराच्या हयातीत हे सारे घडले. २१ ऑगस्ट १९९२ रोजी आन्दोआइन या गावी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. जन्मगावापासून ते गाव फार लांब नाही. जग फिरून आलेला तो माणूस अखेर घराजवळच विसावला.

बंधुभगिनींनो, हे सारे स्पेनमधले आहे आणि आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण निर्वासितांची पावले आपल्या महाराष्ट्रातही उमटली आहेत. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. त्यांतले बहुतेक स्त्रिया आणि मुले. रशियाने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेले होते, तेथून इराणमार्गे ते आपल्या मातीत आले. त्यांनी तेथे शाळा काढल्या, चर्च उभारले, आपल्या भाषेत मिस्सा केल्या आणि नाताळची गीते गायिली. पुढे ते जगभर पांगले, पण त्यांच्यापैकी अनेक जण म्हातारपणी ती जागा पाहायला परत आले. कोल्हापूरच्या लोकांनी त्या काळी त्यांना परके मानले नाही, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

आणि आपले पवित्र कुटुंब? हेरोदाच्या भीतीने योसेफ रातोरात बाळाला आणि मरियेला घेऊन इजिप्तला गेला. आपला प्रभू चालायला शिकला असेल तो परक्या देशात. परत कधी जायचे हे योसेफाच्या हाती नव्हते. तो वाट पाहत राहिला, आणि हातातले सुतारकाम त्याने सोडले नाही. लांगाराही चेंडू सोडून बसला नाही. आपले घर गेले म्हणून हातातले काम टाकून न देणे, हीसुद्धा एक प्रकारची प्रार्थनाच आहे, असे आम्हाला वाटते.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. तुमचा मुलगा युद्धामुळे गेलेला नाही, पोटासाठी गेला आहे. पण होटगी जंक्शनवरून रोज ज्या गाड्या सुटतात त्यांत बसलेली आपली मुले पुण्याला, मुंबईला, आखाती देशांत जातात, ती सगळी काही आनंदाने जात नाहीत. कोणाची सुटी मंजूर होत नाही, कोणाजवळ तिकिटाचे पैसे नसतात, कोणाला रिकाम्या हाताने घरी यायची लाज वाटते. जो येत नाही तो आपला राहिला नाही, असे बोलणे सोपे आहे. लांगारा दहा वर्षे आला नाही. तरी ओव्हिएदोच्या लोकांनी त्याचे नाव विसरून टाकले नव्हते, म्हणूनच त्याला परत येता आले. परत येणाऱ्याला रस्ता लागतो, हे खरे. पण त्याआधी कोणीतरी दार उघडे ठेवलेले लागते.

म्हणून आमची विनंती आहे. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने बाहेरगावी असलेल्या आपल्या एका माणसाला फोन करावा. तक्रार करायला नव्हे, फक्त विचारपूस करायला. आणि ज्यांच्या घरचे कोणी बाहेर आहे त्यांच्याविषयी चर्चच्या पायऱ्यांवर बोलताना आपण जीभ सांभाळावी. पुढच्या रविवारच्या मिस्साबलिदानात दूर असलेल्या सर्वांसाठी आम्ही खास प्रार्थना करणार आहोत. त्यांची नावे कागदावर लिहून शनिवारपर्यंत आमच्याकडे द्यावीत.

मुलांनो, तुम्ही खेळा. चेंडू मात्र दारापासून लांब ठेवा.

घर सोडून गेलेल्यांना प्रभू सांभाळो, आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांना धीर देवो. आमेन.

आपले धर्मगुरू